बसचा जिना आणि गोळ्यांची बाटली



साठी ओलांडलेल्या श्रोत्यांकडून मला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत, पण नेहमी त्याच काळजीने विचारला जातो. पोट सुटलंय, गुडघे धरतात, रक्ततपासणीत सीआरपी वाढलेला आलाय, डॉक्टर म्हणाले शरीरात इन्फ्लमेशन आहे. मग हळदीची कॅप्सूल सुरू करू का? की माशाच्या तेलाची? आणि शेवटी हमखास येणारं वाक्य: घ्यायला काय हरकत आहे?

मी डॉक्टर नाही, मी इतिहास शिकवते. कोणती गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नव्हे, आणि डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी हे ऐकून बंद करू नका. पण पेन्शनमधून दर महिन्याला वेगळे काढलेले पैसे ज्या बाटलीवर जातात, ती बाटली आपल्या फडताळात आली कशी, हे मला सांगता येईल. त्या गोष्टीत एक समुद्रकिनारा आहे, एक दुमजली बस आहे, आणि आपलं पुणंही आहे.

आधी शब्दाचं बघू. इन्फ्लमेशनला आपण दाह म्हणू. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा मोडला की चारही दिसतात. पुढची अठराशे वर्षं वैद्यांनी दाह ओळखला तो याच चार खुणांनी. आज आपण ज्या दाहाबद्दल बोलतोय, तो लठ्ठपणाबरोबर आणि वयाबरोबर येणारा दाह, यातली एकही खूण दाखवत नाही. ना लाली, ना ताप. म्हणून तो सापडायला इतका उशीर लागला.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यात आयुष्य घटणं आहे, हालचाल मंदावणं आहे. उपायांमध्ये त्रिफळा, गुळवेल आणि मध आहे, आणि क्रमाक्रमाने वाढवत न्यायचा व्यायामही आहे. औषध आणि व्यायाम एकाच अध्यायात नांदताहेत, हे मला फार आवडतं. पण म्हणून चरकाला सायटोकाइन ठाऊक होते, असे संदेश कृपा करून मला पाठवू नका. त्याने स्थूल माणूस नीट पाहिला होता, तेवढं मोठेपण पुरेसं आहे.

आता समुद्रकिनाऱ्यावर जाऊ. १८८२ साल, सिसिली बेटावरचं मेसिना. इल्या मेचनिकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथे राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. समोर तारामाशाची अळी होती, काचेसारखी पारदर्शक. तिच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे हिंडताना त्याला दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, बाहेरचं काही अंगात घुसलं तर या पेशी त्याच्यावर चालून जातील का? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे, त्यामुळे त्यात थोडा रंग भरलेला असेलही. पण निष्कर्ष खरा ठरला. दाह हा नुसता बिघाड नाही, ती शरीराची कामगिरी आहे. शत्रूला गिळायला पेशी धावतात, आणि त्या धावपळीच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा म्हणजे सेल्ससची लाली आणि सूज. या कामाबद्दल त्याला १९०८ साली पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं.

मेचनिकॉव्हचा उत्तरार्ध मात्र पाठ्यपुस्तकांत घाईघाईने उरकतात, आणि आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे. १८८८ साली तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आला आणि हळूहळू म्हातारपणाकडे वळला. वार्धक्यशास्त्र या अर्थाचा जेरोंटॉलॉजी हा शब्द त्याचाच, १९०३ सालचा. त्याला वाटू लागलं की ज्या पेशी तरुणपणी आपलं रक्षण करतात, त्याच उतारवयात आपल्यावर उलटतात: केसांचा रंग खातात, मेंदूच्या पेशी खातात. आणि त्यांना चिथावतं कोण? मोठ्या आतड्यातल्या कुजवणाऱ्या जंतूंचं विष. उपाय काय? बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि आंबवलेलं दूध पितात असं म्हणत. तर तेच दूध आपणही प्यावं. तो स्वतः रोज पीत असे.

तपशील चुकले होते. पण रक्षक पेशीच म्हातारपणी घर पोखरतात, ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा वर आली. त्याच्या हयातीत मात्र लोकांनी उचललं ते दूध. युरोप-अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत आंबट दुधाच्या जंतूंच्या गोळ्या विकायला आल्या. आपल्या बाटलीचा पूर्वज हवा असेल तर तो हा. दह्याशी आपलं काही वैर नाही, जेवणात दही-ताक हवंच. पण एका शास्त्रज्ञाचा अंदाज दुकानात पोचेपर्यंत औषध कसा होतो, हे इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसतं. मेचनिकॉव्ह १९१६ साली गेला, ७१ व्या वर्षी.

आता लंडनला जाऊ, कारण गोष्टीचा दुसरा धागा तिथे सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसेस निवडल्या. एका बसवर दोन माणसं, चालक आणि वाहक. एकाच कंपनीत, एकाच रस्त्यावर, राहणीमानही सारखंच. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटं फाडत जिना चढतोय, उतरतोय. एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या! मुंबईत १९३७ पासून अशा बसेस होत्या, हैदराबाद आणि कोलकात्यातही होत्या. तो अरुंद, वळणाचा जिना ज्यांनी चालत्या गाडीत चढलाय त्यांना वाहकाचे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

१९५३ साली निष्कर्ष छापून आला. वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. लोकांनी शंका काढली, रास्त शंका होती: जे मुळातच जाडे ते चालकाची नोकरी धरत असतील. मॉरिसच्या गटाने मग काय करावं? कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. हा निबंध १९५६ चा, आणि संशोधनातल्या मिश्किलपणाचा माझा सगळ्यात आवडता नमुना. पण पुढे असंही दिसलं की सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला असो, वाहकाला संरक्षण मिळतच होतं. म्हणजे वजन हा एक भाग झाला आणि चालणं-चढणं हा दुसरा, स्वतंत्र.

स्वतंत्र, पण कसा? जिना चढल्याने शरीरात नेमकं काय होतं? त्या वेळी याचं उत्तर नव्हतं. आणि ज्याचं कारण सांगता येत नाही, त्यावर लोकांचा विश्वास पटकन बसत नाही.

गोळीकडे मात्र सुंदर कारण होतं. त्याच १९५६ साली डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की शरीरात तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, पेशींना गंज चढवतात आणि तेच म्हातारपण. गंज म्हटलं की गंजरोधक आलाच. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन. लायनस पॉलिंग, ज्याला दोन नोबेल मिळालेली, त्याने १९७० साली क जीवनसत्त्व आणि सर्दी यावर पुस्तक लिहिलं आणि गोळ्यांचा खप उसळला. तर्क इतका सरळ होता की तपासून बघायची कुणाला घाई वाटली नाही.

तपासलं तेव्हा काय झालं? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, १८ टक्के वाढला. अमेरिकेत १८,३१४ जणांवर असाच प्रयोग चालू होता, तो १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण तिथेही तेच दिसू लागलं. दोन्हीकडे माणसं मुख्यतः सिगारेट ओढणारी होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही घ्यायला काय हरकत आहे, या प्रश्नाचं उत्तर तेव्हापासून बदललंय. हरकत असू शकते.

याच सुमारास, १९९३ साली, अमेरिकेतल्या गोखन होतामिशलिगिल आणि सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा दाहाचा रेणू सापडला. हा धक्का होता. तोवर चरबी म्हणजे कोठी, धान्य भरून ठेवायची कणगी. कणगी बोलू लागली तर कसं वाटेल? पुढच्याच वर्षी लेप्टिन सापडलं, चरबी मेंदूला निरोप पाठवते ते संप्रेरक. १९९७ साली लंडनच्या एका गटाने माणसांमध्ये दाखवलं की कातडीखालची चरबी इंटरल्यूकिन-६ रक्तात सोडते. आणि २००३ साली दोन प्रयोगशाळांनी सांगितलं की लठ्ठ शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज दाटीवाटीने बसलेले असतात. मॅक्रोफेज म्हणजे मेचनिकॉव्हच्याच त्या गिळणाऱ्या पेशी. मात्र इथे काटा कुठेच नव्हता. फुगून ताणल्या गेलेल्या चरबीच्या पेशींभोवतीच त्यांचा गराडा पडला होता.

दरम्यान इटलीत क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली वाढत्या वयाच्या या मंद, बिनतापाच्या दाहाला नाव दिलं: इन्फ्लमेजिंग. आपण जरादाह म्हणू. वय आणि चरबी, दोन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळाल्या. आपल्या रिपोर्टातला सीआरपी हा याच धुराचा वास. तो रेणू सापडला १९३० साली, न्यूमोनियाच्या रुग्णांत, पण निरोगी दिसणाऱ्या माणसाचा हृदयविकार तो आधी सुचवू शकतो हे कळायला १९९७ उजाडलं. साध्या सर्दी-तापानेही तो वाढतो, म्हणून एका आकड्यावरून घाबरू नये.

आता पुणं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, म्हणजे वर सांगितलेल्या १९९७ च्या कामातलेच एक, या दोघांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये एका पानाचा मजकूर छापला, दोघांच्या फोटोसकट. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा दोघांनाही सडपातळ म्हणणार. लेखात त्यांनी हेही नोंदवलं की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं! पुण्याच्याच पुढच्या एका अभ्यासात खेड्यातल्या पुरुषांपेक्षा शहरी मध्यमवर्गीयांत चरबीही जास्त आणि दाहाच्या खुणाही जास्त आढळल्या. २००९ साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी मापं खाली आणली: लठ्ठपणा बीएमआय २५ पासूनच, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या आत. भोपाळ असो की बेळगाव, मी तर जाड नाही, असं म्हणणाऱ्यांनी शिंप्याची टेप कमरेभोवती एकदा फिरवून बघावी.

राहिला मॉरिसचा प्रश्न, जिना चढल्याने होतं काय? उत्तर कोपनहेगनमध्ये बेन्टे पेडरसन यांच्या प्रयोगशाळेत मिळालं, आणि ते विचित्र होतं. व्यायाम करताना आकसणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतो. लांबच्या दमछाकीत त्याचं रक्तातलं प्रमाण शंभरपटीपर्यंत जातं. आता हाच तर चरबीतून झिरपणारा खलनायक! मग व्यायाम दाह वाढवतो की काय?

२००३ साली त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सुमारे तीन तास सायकल चालवायला लावली आणि मग जंतूंच्या विषाचा अगदी थोडा अंश टोचला. न चालवणाऱ्यांच्या रक्तात टीएनएफ उसळला. सायकल चालवलेल्यांत उसळला नाही. म्हणजे तोच रेणू चरबीतून दिवसरात्र थेंबथेंब गळला तर घर जाळतो, आणि स्नायूतून तासाभरासाठी लाटेसारखा येऊन ओसरला तर आग विझवणाऱ्यांना बोलावतो. २०१९ साली त्याच शहरात पोट सुटलेल्या लोकांना बारा आठवडे सायकल चालवायला दिली आणि काहींना इंटरल्यूकिन-६ अडवणारं औषध टोचलं. ज्यांना औषध नव्हतं त्यांच्या पोटाच्या आतली चरबी घटली. औषध मिळालेल्यांनीही तितकाच घाम गाळला, पण त्यांची घटली नाही.

गोळीचं कोडंही इथेच थोडं सुटतं. जर्मनीत २००९ साली तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई दिलं. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. व्यायामात तयार होणारा तो थोडासा गंज हाच स्नायूला मिळणारा निरोप होता, आणि गोळीने निरोप्यालाच दारात अडवलं. नंतरचे सगळे प्रयोग याला दुजोरा देत नाहीत, आणि ही माणसं तरुण होती. पण गंज आणि गंजरोधक हा सरळ हिशेब त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

हळदीचं विचारणार, ठाऊक आहे. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ साली रद्द करवून घेतलं. अभिमानाचीच गोष्ट. पण तो वाद होता मालकीचा. हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून आहे, एवढंच त्यात सिद्ध झालं. कर्क्युमिनची कॅप्सूल जरादाह उतरवते, हा वेगळा दावा आहे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी ते मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढलं, म्हणून बाटल्यांवर आता मिरी दिसते. तरी २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त चाचण्यांचा ताळा घेतला तेव्हा नीट नियंत्रण ठेवलेली एकही यशस्वी चाचणी त्यांना दिसली नाही. माशाच्या तेलाचं आणि ड जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१८ साली आले. सरसकट सगळ्यांना दिल्याने ना कर्करोग घटला, ना हृदयविकाराचे मोठे झटके आणि पक्षाघात मिळून घटले. कमतरता असेल तर गोष्ट निराळी. बी-१२ कमी असलेल्या शाकाहारी माणसाला ती गोळी हवीच. तिथे पूरक हा शब्द खऱ्या अर्थाने पूरक असतो. पण जरादाह ही कशाची कमतरता नाही, म्हणून ती बाटलीने भरून निघत नाही.

मग उतारवयात नेमकं काय? नुसतं वजन उतरवण्यातही धोका आहे. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या १०७ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०११ साली आला. नुसतं खाणं कमी केलेल्यांचं वजन उतरलं, पण त्याबरोबर स्नायू आणि खुब्याचं हाडही झिजलं. खाणं कमी करून व्यायामही केलेल्यांचं वजन जवळपास तितकंच उतरलं, स्नायू कमी गेला, आणि उठण्या-बसण्या-चालण्याच्या चाचणीत २१ टक्के सुधारणा झाली. नुसत्या खाण्यावर असलेल्यांत ती १२ होती. उलट गुडघेदुखीच्या ४५४ जाड्या माणसांवरच्या २०१३ च्या अभ्यासात रक्तातला इंटरल्यूकिन-६ उतरायला खाणं कमी करणंही लागलंच, एकट्या व्यायामाने तेवढं भागलं नाही. व्यायामाची बाजू घेताना हेही सांगितलं पाहिजे. आमच्या बडोद्यात कमाटी बागेत पाच फेऱ्या मारून थेट शेव-उसळीच्या गाडीकडे वळणाऱ्या मंडळींना मी हे नाव न घेता सांगत असते.

आणि बॉस्टनच्या वृद्धाश्रमातला प्रयोग, सर्वांत जुना आणि तरी सर्वांत कमी ऐकलेला. ही माणसं लठ्ठ नव्हती, उलट वाळलेली होती, पण गोळी आणि हालचाल यांची समोरासमोर गाठ तिथे पडली. १९९४ साली मारिया फियातारोने यांनी सरासरी ८७ वर्षांच्या १०० रहिवाशांचे चार गट केले: काहींना पायांसाठी वजनांचा व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली. एकट्या पेयाने ताकदीत किंवा चालण्यात फरक पडला नाही. त्याआधी, १९९० साली, त्यांनी सरासरी नव्वदीच्या दहा जणांना असाच आठ आठवड्यांचा व्यायाम दिला होता. त्यांची ताकद १७४ टक्क्यांनी वाढली होती. मग त्यातले सात जण पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. चारच आठवड्यांत त्यांची ३२ टक्के ताकद गेली.